पेशीच्या सांगाड्यातील तंतूंची रचना: घटक रेणू कसे जुळतात यावरून काय कळते

प्रश्न असा आला आहे: पेशीच्या सांगाड्यात ॲक्टिनचे तंतू, सूक्ष्मनलिका आणि इंटरमीजिएट फिलामेंट म्हणजे मध्यम तंतू असे तीन प्रकार असतात आणि त्यांची जाडी अनुक्रमे सुमारे ७, २५ आणि १० नॅनोमीटर असते, एवढे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. पण तिन्ही प्रथिनांचेच बनलेले असताना एकाला दुपेडी पीळ, दुसऱ्याला पोकळ नळी आणि तिसऱ्याला दोरखंड असे वेगवेगळे आकार का येतात? आणि ज्या तंतूंचे घटक सतत सुटत आणि जुळत असतात, ते सांगाडा म्हणून उभे कसे राहतात?

ही प्रथिने ऊतींमधून वेगळी काढणे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे तंतू पाहणे, हे काम मी अनेक वर्षे करत आले आहे. त्यामुळे माझे उत्तर प्रयोगशाळेतल्या एका साध्या अनुभवापासून सुरू होते: प्रत्येक तंतू विरघळवण्याची रीत वेगळी आहे. सूक्ष्मनलिकांचे द्रावण बर्फात ठेवले की अर्ध्या तासात नलिका नाहीशा होतात आणि ३७ अंश सेल्सिअसला आणले की पुन्हा तयार होतात. ॲक्टिनच्या तंतूला थंडीचा फारसा त्रास होत नाही. त्याच्या द्रावणातले क्षार काढून घेतले की तो सावकाश, एक-दोन दिवसांत, सुट्या रेणूंमध्ये मोकळा होतो. मध्यम तंतू मात्र, विशेषतः त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाचे, या दोन्ही उपायांना दाद देत नाहीत. पेशी डिटर्जंटने आणि तीव्र क्षारद्रावणाने धुऊन काढली तरी ते मागे उरतात, आणि त्यांना विरघळवायला ८ मोलर युरियासारखे, प्रथिनाची घडीच उलगडणारे द्रावण लागते. कोणता तंतू कशाने सुटतो हे कळले की तो कशाने बांधलेला आहे हे कळते, आणि तिन्ही रचनांमधला फरक मूळात या बांधणीचा आहे.

आधी तिन्हींना लागू पडणारी एक गोष्ट सांगते. एकसारखे ठोकळे घ्यावेत आणि प्रत्येक पुढचा ठोकळा मागच्यावर ठरावीक अंतर सरकवून आणि ठरावीक कोनात वळवून बसवावा, असे करत गेल्यास जो आकार तयार होतो तो सर्वसाधारणपणे मळसूत्राचाच असतो. सरळ रेघ किंवा बंद वर्तुळ हे त्याचे अपवादात्मक प्रकार आहेत. त्यामुळे तंतू लांब आणि नेमक्या आकाराचा व्हावा यासाठी पेशीला कोणताही आराखडा वेगळा सांभाळावा लागत नाही. घटक रेणूच्या पृष्ठभागावर जुळणीच्या जागा कुठे आहेत, एवढ्यावर सगळा आकार ठरतो. मात्र एकेरी माळ पेशीच्या कामाची नसते. एकेरी माळेतला कोणताही एक बंध तुटला की माळ तिथेच दुभंगते. म्हणून पेशीतले तंतू एकाहून अधिक पेडांचे असतात: मधल्या प्रत्येक रेणूला वर, खाली आणि बाजूला शेजारी असतात, आणि तो बाहेर पडायचा झाल्यास त्याचे सगळे बंध एकाच वेळी तुटावे लागतात. टोकावरच्या रेणूला शेजारी कमी असल्याने तो सहज येतो आणि सहज जातो. दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. ॲक्टिनच्या तंतूंमध्ये आणि ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांमध्ये देवाणघेवाण मुख्यतः टोकांवर चालते, मधला भाग अखंड राहतो, आणि म्हणून तंतू वाढू शकतो, आखडू शकतो, पण मध्येच सुटून पडत नाही. याची एक किंमतही आहे: पहिले दोन-तीन रेणू एकत्र येतात तेव्हा त्यांच्यापैकी कोणालाच पुरेसे शेजारी नसतात, त्यामुळे तंतूची सुरुवात होणे हे त्याच्या वाढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. पेशी या अडचणीचा उपयोग करून घेते. तंतू कुठे आणि केव्हा सुरू व्हावा हे ती सुरुवात करून देणाऱ्या वेगळ्या प्रथिनांच्या हाती ठेवते.

आता ॲक्टिन. हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी १९४२ च्या सुमारास ते स्नायूंमधून वेगळे काढले. त्यांनी स्नायू ॲसिटोनने सुकवून भुकटी केली होती. आजही आम्ही तीच रीत थोड्या फरकाने वापरतो. स्नायूतील ॲक्टिनचा सुटा रेणू ३७५ अमिनो आम्लांचा असतो, त्याचे वस्तुमान सुमारे ४२ हजार डाल्टन असते आणि तो चपटा, चार उपखंडांचा बनलेला असतो. दोन-दोन उपखंडांचे दोन भाग आणि त्यांच्यामध्ये एक खोल फट, अशी ही ठेवण आहे; फटीत एटीपीचा (पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचा) किंवा त्यातला एक फॉस्फेट गेल्यावर उरणाऱ्या एडीपीचा एक रेणू आणि त्याच्यासोबत मॅग्नेशियमचा आयन बसलेला असतो. या रेणूचे स्फटिक करणे अनेक वर्षे जमत नव्हते, कारण स्फटिकासाठी लागणाऱ्या तीव्रतेला ॲक्टिन तंतूच बनवू लागते. अखेर डीएनएज-१ या प्रथिनाने त्याची जुळणीची एक बाजू अडवून ठेवल्यावर स्फटिक मिळाले, आणि १९९० मध्ये वोल्फगांग काब्श, केनेथ होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अणुपातळीवरची रचना प्रसिद्ध केली.

तंतूमध्ये प्रत्येक पुढचा ॲक्टिन रेणू मागच्यापेक्षा सुमारे २.७५ नॅनोमीटर पुढे आणि जवळजवळ १६७ अंशांनी वळलेला असतो. कोन १८० अंशांच्या इतका जवळ असल्यामुळे एकाआड एक रेणू जवळपास एकाच बाजूला येतात आणि डोळ्यांना दोन पेड एकमेकांभोवती संथपणे पिळलेले दिसतात. १३ रेणू मोजले की, म्हणजे सुमारे ३६ नॅनोमीटर अंतरावर, दोन्ही पेड एकमेकांना ओलांडतात. पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते की ॲक्टिनच्या दोन वेगळ्या माळा तयार होतात आणि नंतर एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. हे वर्णन मी विद्यार्थ्यांना नेहमी दुरुस्त करायला लावते. तंतू वाढताना आधी माळ आणि मग पीळ असा क्रम नसतो. प्रत्येक रेणू येतो तो थेट पिळातल्या आपल्या जागेवर बसतो. एकाच रचनेकडे डाव्या वळणाचे एक दाट मळसूत्र म्हणून पाहता येते किंवा उजव्या वळणाचे दोन लांब पेड म्हणूनही पाहता येते. दुसरे चित्र अधिक उपयोगी ठरते, कारण पेडाच्या लांबीतले बंध आडव्या बंधांपेक्षा अधिक विस्तृत असतात.

सुटा रेणू आणि तंतूतला रेणू यांच्या आकारात एक लहानसा पण महत्त्वाचा फरक असतो. तोशिरो ओदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की तंतूत बसताना रेणूचे दोन भाग एकमेकांच्या तुलनेत सुमारे २० अंशांनी फिरतात आणि रेणू अधिक सपाट होतो. त्यामुळे फटीतल्या एटीपीजवळची अमिनो आम्ले योग्य जागी येतात आणि एटीपीचे जलविच्छेदन, म्हणजे पाण्याने फॉस्फेट तुटून एडीपी होणे, हजारो पटींनी वेगाने होते. ॲक्टिनने तंतू बनवताना एटीपी खर्ची पडते हे श्ट्राउब आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५० मध्येच नोंदवले होते. त्याचे रचनेतले कारण कळायला जवळजवळ साठ वर्षे लागली. जलविच्छेदन काही सेकंदांत होते, मात्र सुटलेला फॉस्फेट बाहेर पडायला काही मिनिटे लागतात. म्हणजे तंतूच्या प्रत्येक भागावर त्याचे वय जणू कोरलेले असते: नवा भाग एटीपीचा, थोडा जुना फॉस्फेट धरून ठेवलेल्या एडीपीचा आणि सर्वांत जुना नुसत्या एडीपीचा. कोफिलिन हे तंतू तोडणारे प्रथिन नेमके जुन्या भागाला चिकटते.

सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसत असल्याने तंतूची दोन टोके सारखी नसतात. मायोसिन या स्नायूतल्या वाहक प्रथिनाचे डोके ॲक्टिनच्या तंतूला जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तंतूवर बाणांच्या टोकांसारखी नक्षी दिसते. ह्यू हक्सली यांनी ती १९६३ मध्ये दाखवली. त्या बाणांवरूनच एका टोकाला काटेरी आणि दुसऱ्याला अणीदार टोक म्हणतात. एटीपीची फट अणीदार टोकाकडे उघडते. काटेरी टोकावर वाढ होण्यासाठी सुट्या एटीपी-ॲक्टिनची तीव्रता सुमारे ०.१ मायक्रोमोलर पुरते, तर अणीदार टोकाला सुमारे ०.६ मायक्रोमोलर लागते. तीव्रता या दोहोंच्या मध्ये असेल तर एका टोकाला भर पडत राहते आणि दुसऱ्या टोकाची झीज होत राहते. तंतूची लांबी तीच राहते, पण त्याचे घटक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. आल्ब्रेख्त वेगनर यांनी १९७६ मध्ये हे मांडले. सरकणाऱ्या पेशीची पुढची कड जी पुढे ढकलली जाते ती या वाढत्या काटेरी टोकांमुळे. तिथे आर्प-२/३ हा प्रथिनसमूह जुन्या तंतूच्या कडेवर सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी सुरू करून देतो, आणि अशा आखूड, दाट फांद्यांचे जाळे पेशीपटलाला आतून रेटते.

सूक्ष्मनलिका माणसाच्या नजरेला इतक्या उशिरा का पडल्या, याचे कारणही त्यांच्या रचनेत आहे. १९६० च्या आधी पेशी सूक्ष्मदर्शकासाठी स्थिर करताना थंड ऑस्मियम टेट्रॉक्साइड वापरत, आणि थंडीतच नलिका विरघळून जात. १९६३ मध्ये ग्लुटाराल्डिहाइड वापरात आले, नमुने सामान्य तापमानाला स्थिर करता येऊ लागले, आणि त्याच वर्षी मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींमध्ये या नलिका स्पष्टपणे दाखवल्या. थंडीने त्या विरघळतात याचा अर्थ असा की त्यांच्या घटकांना धरून ठेवण्यात पाण्याचा मोठा वाटा आहे. घटकांचे जलविरोधी पृष्ठभाग एकमेकांना भिडतात तेव्हा त्यांच्यावर शिस्तीत बसलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात. त्यातून मिळणारा एन्ट्रॉपीचा, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाचा, लाभ तापमानासोबत वाढतो आणि गारठ्यात अपुरा पडतो. रिचर्ड वायझेनबर्ग यांनी १९७२ मध्ये कॅल्शियम बांधून ठेवल्यास ट्युब्युलिन परीक्षानळीत पुन्हा नलिका बनवते हे दाखवल्यानंतर गरम-थंड करून ते शुद्ध करण्याची रीत रुळली. द्रावण ३७ अंशांना ठेवले की ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचा ढगाळपणा आधी काही काळ तसाच राहतो, मग चढत जातो आणि शेवटी एका पातळीवर थांबतो. तो सुरुवातीचा सपाट काळ म्हणजे वर सांगितलेली सुरुवात होण्यातली अडचण. हा आलेख कागदावर उमटताना मी असंख्य वेळा पाहिला आहे आणि तो पाहण्याचा मला कधी कंटाळा आलेला नाही.

सूक्ष्मनलिकेचा घटक म्हणजे अल्फा आणि बीटा या दोन ट्युब्युलिन रेणूंची घट्ट जोडी. प्रत्येक रेणू सुमारे ५० हजार डाल्टनचा आणि ४ नॅनोमीटर उंच असतो, म्हणजे जोडीची उंची ८ नॅनोमीटर. या जोड्या एकावर एक रचून जी उभी रांग होते तिला प्रोटोफिलामेंट म्हणतात, आणि अशा साधारणपणे १३ रांगा कडेला कड लावून २५ नॅनोमीटर व्यासाची नळी तयार होते. एक मायक्रोमीटर लांबीच्या नलिकेत १२५ गुणिले १३, म्हणजे सुमारे १,६२५ जोड्या मावतात. रांगेच्या एका टोकाला कायम बीटा आणि दुसऱ्या टोकाला कायम अल्फा उघडा राहतो. बीटाचे टोक वेगाने वाढणारे, म्हणून त्याला अधिक टोक म्हणतात.

नळीच्या भिंतीतली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते, आणि ती साध्या गुणाकाराने समजते. प्रत्येक रांग शेजारच्या रांगेपेक्षा सुमारे ०.९२ नॅनोमीटर वर सरकलेली असते. १३ रांगा ओलांडून पुन्हा पहिल्या रांगेपाशी आल्यावर आपण १२ नॅनोमीटर वर चढलेले असतो, म्हणजे बरोबर ३ रेणू. भिंतीत इतर सर्वत्र अल्फाशेजारी अल्फा आणि बीटाशेजारी बीटा बसतो. पण ३ ही विषम संख्या असल्यामुळे नळी बंद होते तिथे अल्फाशेजारी बीटा येण्यावाचून गत्यंतर नसते. अशी एक उभी शिवण नळीच्या पूर्ण लांबीभर जाते. म्हणजे पुस्तकातल्या चित्रांमध्ये सर्व बाजूंनी एकसारखी दाखवलेली नळी प्रत्यक्षात तशी नसते.

१३ ही संख्याही नळीत आपोआप पक्की होत नाही. परीक्षानळीत, कोणत्याही साच्याशिवाय वाढवलेल्या नलिकांमध्ये १२ ते १५ रांगा सापडतात आणि १४ रांगांच्या नलिका पुष्कळ असतात. प्राण्यांच्या पेशीत नलिकेची सुरुवात गॅमा-ट्युब्युलिनचे कडे करून देते. त्यात १४ रेणू मळसूत्राच्या एका वेढ्यात बसलेले असतात आणि चौदावा पहिल्याच्या डोक्यावर येत असल्याने नळीला १३ रांगांचा साचा मिळतो. १३ रांगा असतील तर त्या नळीच्या अक्षाला समांतर, सरळ जातात. १४ असतील तर हळूहळू तिरप्या होत नळीभोवती वळत जातात. कायनेसिनसारखे वाहक प्रथिन एकाच रांगेवरून पावले टाकत जाते, त्यामुळे सरळ रांगेवर ते ओझे घेऊन सरळ जाते. अपवाद अर्थातच आहेत: सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या बहुतेक पेशींत ११ रांगांच्या नलिका असतात आणि स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींत १५ रांगांच्या, तर पक्ष्माभिकेच्या, म्हणजे पेशीवरच्या हलत्या केसासारख्या भागाच्या, जोडनलिकेत एक नळी १३ रांगांची पूर्ण आणि तिला चिकटलेली दुसरी १० रांगांची अपुरी असते.

ट्युब्युलिनची अणुपातळीवरची रचना एव्हा नोगालेस, शॅरन वुल्फ आणि केनेथ डाउनिंग यांनी १९९८ मध्ये, जस्ताच्या आयनांच्या साहाय्याने बनवलेल्या पातळ चादरींवरून, ३.७ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. जोडीत जीटीपीचे, म्हणजे एटीपीसारख्याच एका ऊर्जावाहक पदार्थाचे, दोन रेणू असतात. अल्फातला जीटीपी अल्फा आणि बीटाच्या मध्ये गाडला गेलेला असतो, तो बदलत नाही आणि त्याचे विच्छेदनही होत नाही. बीटातला जीटीपी उघडा असतो. त्याच्या विच्छेदनासाठी लागणारे एक आम्लधर्मी अमिनो आम्ल पुढच्या जोडीतल्या अल्फाकडे असते. ही व्यवस्था मी नेहमी सावकाश समजावून सांगते, कारण सूक्ष्मनलिकेचे सगळे वागणे तिच्यात आहे. नवी जोडी येऊन बसत नाही तोवर टोकावरच्या बीटाचा जीटीपी टिकतो. ती बसली की तिच्या खालचा जीटीपी फुटून जीडीपी होतो. त्यामुळे वाढत्या नलिकेच्या टोकाशी जीटीपीची टोपी असते आणि खालची जवळजवळ सगळी भिंत जीडीपीची असते.

सुटी जोडी सरळ नसते, ती अल्फा आणि बीटाच्या मध्ये थोडी वाकलेली असते. भिंतीत बसण्यासाठी तिला सरळ व्हावे लागते आणि शेजारच्या रांगा तिला सरळ धरून ठेवतात. म्हणून जीडीपीची भिंत ताणलेल्या अवस्थेत उभी असते. टोपी शाबूत असते तोवर काही घडत नाही. ती गेली की रांगा बाजूंचे बंध सोडून मेंढ्याच्या शिंगांसारख्या बाहेर वळतात आणि नलिका वेगाने कोसळत जाते. टिमथी मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये हे वर्तन दाखवले आणि त्याला गतिमान अस्थिरता म्हटले: एकाच द्रावणात काही नलिका वाढत असतात तर काही त्याच वेळी कोसळत असतात. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढली जातात तेव्हा या वळणाऱ्या रांगांत साठलेल्या ताणाचाही उपयोग होतो. कोल्चिसीन अल्फा आणि बीटाच्या मध्ये शिरून जोडीला सरळ होऊ देत नाही, तर कर्करोगावर वापरले जाणारे टॅक्सॉल बीटाला नळीच्या आतल्या बाजूने चिकटून भिंत पक्की करते. दोन्ही औषधांनी विभाजन थांबते, पण उलट कारणांनी.

नळी पोकळ असण्याचा फायदा कडकपणात दिसतो. कोणत्याही दांड्याचे वाकण्याला होणारे सामर्थ्य त्याच्या त्रिज्येच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणून तेवढेच द्रव्य मध्यापासून दूर नेऊन नळी केली की ती पुष्कळ ताठ होते. आमच्या क्षेत्रात यासाठी पर्सिस्टन्स लेंग्थ हे माप वापरतात. उष्णतेच्या धक्क्यांनी तंतू वळवळत असताना किती लांबीपर्यंत तो आपली दिशा टिकवून धरतो, ते हे माप सांगते. १९९३ मध्ये झालेल्या मोजणीत ॲक्टिनसाठी ते सुमारे १८ मायक्रोमीटर आणि सूक्ष्मनलिकेसाठी सुमारे ५ मिलिमीटर आले. पेशी काही दशक मायक्रोमीटरची असते हे लक्षात घेतले तर नलिका पेशीच्या मापाने ताठ काठीसारखी, आणि ॲक्टिनचा तंतू लवचिक छडीसारखा ठरतो. मध्यम तंतूंसाठी हेच माप एका मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते. ते १० नॅनोमीटर जाड असूनही ॲक्टिनपेक्षा मऊ असतात. म्हणजे जाडीवरून कडकपणाचा अंदाज करणे इथे फसते, आणि याचे कारण पुन्हा बांधणीत आहे.

मध्यम तंतूंच्या नावाविषयी एक गैरसमज आहे. त्यांची जाडी ॲक्टिन आणि सूक्ष्मनलिका यांच्या मध्ये येते म्हणून हे नाव पडले, असे बहुतेक ठिकाणी सांगतात. हारुनोरी इशिकावा, रिचर्ड बिशॉफ आणि हॉवर्ड होल्टझर यांनी १९६८ मध्ये स्नायूपेशींच्या अभ्यासात हे नाव वापरले तेव्हा तुलना ॲक्टिनचे बारीक तंतू आणि मायोसिनचे जाड तंतू यांच्याशी होती.

इथे ठोकळ्यासारखा गोल रेणूच नसतो. घटक प्रथिनाच्या मधोमध लांब अल्फा-हेलिक्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीची मळसूत्री घडी, असते, पेशीद्रव्यातल्या प्रकारांमध्ये सुमारे ३१० अमिनो आम्लांची, आणि दोन्ही टोकांना निश्चित घडी नसलेले शेपटासारखे भाग असतात. मधल्या भागात दर सात अमिनो आम्लांमागे पहिले आणि चौथे बहुधा जलविरोधी असते. अल्फा-हेलिक्सच्या एका फेऱ्यात ३.६ अमिनो आम्ले बसतात, आणि सातांचे हे आवर्तन दोन फेऱ्यांत किंचित कमी पडते. त्यामुळे जलविरोधी पट्टा हेलिक्सवर सरळ न जाता तिरपा फिरतो. दोन हेलिक्स आपापले पट्टे एकमेकांवर टेकवायला गेल्या की त्यांना एकमेकींभोवती वळावेच लागते. असा हा दुपेडी दोर सुमारे ४५ नॅनोमीटर लांब असतो आणि त्यातले दोन्ही रेणू एकाच दिशेने, खांद्याला खांदा लावून असतात. केराटिनमध्ये तर या जोडीत एक रेणू आम्लधर्मी आणि एक आम्लारिधर्मी गटातलाच असावा लागतो. एकाच गटाचे दोन चालत नाहीत.

यानंतरची पायरी निर्णायक आहे. दोन जोड्या एकमेकींच्या उलट दिशेने, थोड्या सरकून शेजारी बसतात आणि चार रेणूंचा गट, म्हणजे टेट्रामर, तयार होतो. दिशा उलट असल्याने गटाची दोन्ही टोके सारखी होतात आणि तंतूला अधिक-उणे अशी दिशाच उरत नाही. ज्या तंतूला दिशा नाही त्यावर वाहक प्रथिने चालू शकत नाहीत, आणि म्हणूनच ॲक्टिनवर मायोसिन आणि नलिकांवर कायनेसिन किंवा डायनिन चालते, पण मध्यम तंतूंवर चालणारे असे कोणतेही प्रथिन नाही. इथे एटीपी किंवा जीटीपीही लागत नाही. व्हिमेंटिन हे मध्यम तंतूंचे एक प्रथिन युरियातून बाहेर काढून द्रावणात क्षार घातले की काही सेकंदांत साधारण आठ टेट्रामर कडेला कड लावून सुमारे ६० नॅनोमीटर लांब आणि १७ नॅनोमीटर जाड तुकडे बनवतात, मग हे तुकडे टोकाला टोक जोडून लांबतात आणि शेवटी आवळून १० ते ११ नॅनोमीटरचे होतात. आठ टेट्रामर म्हणजे आडव्या छेदात ३२ साखळ्या, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. २०२४ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन तंत्राने पाहिलेल्या व्हिमेंटिनच्या रचनेत मात्र ४० साखळ्या, पाच उपदोरांत मांडलेल्या, दिसल्या. केंद्रकाच्या आतल्या लॅमिनचे तंतू तर २०१७ मध्ये पेशीतच पाहिले गेले तेव्हा जेमतेम ३.५ नॅनोमीटर जाड निघाले, त्यामुळे १० नॅनोमीटर हे माप साऱ्या कुटुंबाला लावू नये.

या रचनेत प्रत्येक साखळी शेजारच्या पुष्कळ साखळ्यांना लांबच लांब भिडलेली असते, पण साखळ्या एकमेकींवरून थोड्या घसरू शकतात. म्हणून दोर वाकायला मऊ आणि तोडायला चिवट असतो. तो ओढला तर आधी अल्फा-हेलिक्स उलगडतात, मग साखळ्या बीटा रचनेकडे वळतात, आणि व्हिमेंटिनचा तंतू न तुटता मूळच्या दुपटीहून अधिक ताणला जातो. ॲक्टिनचा तंतू किंवा सूक्ष्मनलिका इतक्या ताणाच्या कितीतरी आधी तुटेल. त्वचेला या गुणाची किती गरज आहे हे केराटिन-१४ मधल्या एका बदलाने दिसते. हेलिक्सच्या अगदी सुरुवातीला, १२५ व्या स्थानी, आर्जिनिनऐवजी दुसरे अमिनो आम्ल आले की तंतूंच्या गुठळ्या होतात आणि साध्या घर्षणानेही त्वचेच्या तळातल्या पेशी फाटून फोड येतात. एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स या आजाराचे कारण १९९१ मध्ये असे रचनेपर्यंत पोहोचले. मध्यम तंतूंची माणसात सुमारे ७० जनुके आहेत, आणि ऊतीनुसार वेगळे प्रथिन वापरण्याची मुभा या बांधणीत आहे. ॲक्टिनचे यीस्टमधले आणि आपल्या स्नायूतले रूप मात्र सुमारे ८७ टक्के सारखे आहे, कारण त्याच्या पृष्ठभागावर बदल करायला मोकळी जागाच फारशी नाही.

आता उरतो तो विरघळण्याचा मुद्दा. पेशीत युरिया नाही, आणि तरीही विभाजनाच्या वेळी लॅमिनचे जाळे काही मिनिटांत सुटते. पेशी त्यासाठी सीडीके-१ हे विकर वापरते. ते लॅमिनच्या दांड्याच्या दोन्ही टोकांजवळच्या सेरीनवर, लॅमिन-ए मध्ये २२ व्या आणि ३९२ व्या स्थानी, फॉस्फेट जोडते. नेमक्या याच टोकांनी एक दोर दुसऱ्याला धरलेला असतो, आणि तिथे ऋण भार आला की ती पकड सुटते. दुपेडी जोड्या मात्र शाबूत राहतात. विभाजन संपले की फॉस्फेट काढून घेतले जातात आणि त्याच जोड्या दोन्ही नव्या केंद्रकांच्या आतल्या कडेला पुन्हा तंतू बनवतात.